आधी गुडघा बघ

रात्रीचे दोन वाजत आले होते आणि ट्रेमध्ये दहा मिलीची सिरिंज भरून तयार होती. मॅगसल्फ, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. दोन मिलीच्या अँप्यूलमध्ये एक ग्रॅम असतं, म्हणजे पाच ग्रॅमला पाच अँप्यूल फोडाव्या लागतात, आणि त्या फोडता फोडता अंगठ्याला बारीक चीर पडली होती. मे महिना होता. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेलं सरकारी रुग्णालय. आपल्या खान्देशात मे महिन्यात दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर गरम राहतो, पंखा तीच झळ खाली ढकलत बसतो. कॉटवर एकोणीस-वीस वर्षांची बाळंतीण. वजन जेमतेम अडतीस किलो. संध्याकाळी पाड्यावरून आणली तेव्हा तिला झटके येत होते, जीभ चावली गेली होती, बीपी १८०/१२०. सहा वाजता तिला पहिला मोठा डोस दिला होता, चौदा ग्रॅमचा. नऊला ती बाळंत झाली. दहाला पाच ग्रॅम. आता दोनचा डोस माझ्या हातात होता. केसपेपरवर डॉक्टरांनी स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं, दर चार तासांनी, खाली सही.

खाली फरशीवर तिची सासू बसली होती. तिला मराठी फारसं येत नव्हतं आणि मला तिची बोली येत नव्हती, पण ट्रे बघून ती जरा सावरून बसली. सुई आली म्हणजे उपचार चालू आहेत, एवढं तिला कळत होतं.

मी ट्रे खाली ठेवला, बाळंतिणीच्या गुडघ्याखाली हात घालून पाय थोडा उचलला, आणि तळहाताच्या कडेने वाटीच्या खाली टकटक केली. पाय हलला नाही. जागा बदलून पुन्हा केली. नाही. दुसरा पाय. नाही.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गरोदरपणात बीपी वाढून झटके येतात, त्यावर मॅग्नेशियम सल्फेटसारखं औषध नाही. हे औषध कितीतरी मायलेकरांना परत घेऊन आलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. पण ते लघवीवाटे शरीराबाहेर जातं. लघवी कमी झाली की ते आत साठायला लागतं, आणि साठलं की आधी गुडघ्याची उडी जाते, मग श्वास मंदावतो, शेवटी हृदय. म्हणून प्रत्येक डोसच्या आधी तीन गोष्टी बघायच्या असतात. गुडघा उडतो का, श्वास मिनिटाला सोळाच्या खाली तर नाही ना, आणि मागच्या चार तासांत निदान शंभर मिली लघवी झाली का. यातलं एक जरी बिघडलं तरी डोस द्यायचा नाही. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटची अँप्यूल उशाशी हवी.

मी पूर्ण मिनिटभर घड्याळ लावून श्वास मोजला. सोळा. अगदी काठावर. लघवीची पिशवी उचलून दिव्याखाली धरली. दहा वाजता मी ती रिकामी केली होती. आता त्यात साठ मिली.

भरलेली सिरिंज ट्रेमध्येच राहिली. मी डॉक्टरांच्या क्वार्टरला फोन लावला.

पलीकडून पहिला प्रश्न आला, "झटका आला तर जबाबदार कोण?"

हा प्रश्न मी कधी विसरले नाही, आणि तो चुकीचाही नव्हता. डोस दिला तर श्वास थांबायची भीती, नाही दिला तर पुन्हा झटका. नर्सिंगच्या पुस्तकात सुरक्षितता हा शब्द असा छापलेला असतो, जणू एक वाट सुरक्षित आहे आणि दुसरी नाही. रात्री दोन वाजता कॉटशेजारी उभं राहिलं की दोन्ही वाटांवर धोका दिसतो. मी म्हणाले, "सर, दोन्ही गुडघे नाहीत, लघवी साठ, श्वास सोळा. मी डोस थांबवलाय. तुम्ही येऊन बघा." ते आले. त्यांनीही टकटक केली, पिशवी बघितली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "होल्ड करा. कॅल्शियम जवळ ठेवा." मग आम्ही दोघं तिच्या कॉटशी बसलो. साडेचारच्या सुमाराला उजवा पाय किंचित हलला. पहाटे पिशवी भरायला लागली. झटका आला नाही.

पण एक गोष्ट मला इथं नीट लिहायची आहे, कारण ही घटना मी कुणाला सांगितली की ऐकणारा म्हणतो, "बघा, तुमचा निर्णय बरोबर निघाला." मला ते पटत नाही. त्या रात्री झटका आला असता, तरी गुडघा नसताना डोस थांबवणं बरोबरच होतं. आणि गुडघा न बघता मी डोस दिला असता आणि ती सुखरूप राहिली असती, तरी ते चूकच होतं. आपल्या कामात शेवट गोड झाला की मधलं सगळं माफ होतं. त्याचंच मला भय वाटतं.

त्या रात्री सासूची समजूत मात्र मी घालू शकले नाही. भरलेली सुई आणली, बघितली, आणि परत नेली. तिला वाटलं असणार, आपण गरीब म्हणून औषध वाचवलं. पहाटे झाडायला आलेल्या मावशींना तिची बोली येत होती, त्यांनी तिला समजावलं. ते चार तास ती बाई काय विचार करत बसली असेल, हे अजून मनात येतं. औषध न देणं हाही उपचार असतो, हे आपल्याकडे सुशिक्षित माणसालाही पटत नाही. साधा ताप असला तरी "एक सुई मारून द्या ना" म्हणणारे मी रोज बघते. मग जी भाषाच वेगळी, तिला कसं पटावं? ती बोली येणारं माणूस रात्रपाळीला नव्हतं, ही माझ्या लेखी रुग्णसुरक्षेचीच उणीव आहे.

"आधी गुडघा बघ" हे वाक्य माझं नाही. २००१ मध्ये नर्सिंगचा जीएनएम कोर्स पूर्ण करून मी कामाला लागले, तेव्हा प्रसूती वॉर्डात आमच्या इनचार्ज सिस्टर होत्या. उंच, सावळ्या, कपाळाला मोठं कुंकू. बोलायच्या फार कमी. मी पहिल्यांदा मॅगसल्फ भरून निघाले तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. ओरडल्या नाहीत, नुसतं धरलं. "आधी गुडघा बघ." मी म्हणाले, "सिस्टर, सरांनी लिहिलंय." त्या म्हणाल्या, "सरांनी सकाळी लिहिलंय. बाई आत्ताची आहे."

तेवढंच. पण माझं सगळं शिक्षण त्या वाक्यात झालं असं मी मानते. केसपेपर लिहिला जातो तेव्हाचा पेशंट आणि इंजेक्शन टोचलं जातं तेव्हाचा पेशंट यांच्यामध्ये काही तास गेलेले असतात, आणि त्या तासांत त्याच्याजवळ नर्स असते, दुसरं कोणी नाही. लिहिलेलं हातून देताना ते आत्ता योग्य आहे का, हे बघणं तिच्याकडेच येतं. लिहिणाऱ्याची सही खाली असली, तरी सुई हातात धरणाऱ्याची जबाबदारी त्यामुळे जराही कमी होत नाही.

आता माझ्या हातून झालेली चूक लिहिते.

तेव्हा मी जळगाव जिल्ह्यात होते. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. पेशंट केळीचे बागायतदार, साठीचे, सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. पायाला जखम, साखर हाताबाहेर गेलेली. रोज संध्याकाळी जेवणाआधी वीस युनिट इन्सुलिन लिहिलेलं होतं. वॉर्डात येणारी बाटली चाळीसची, म्हणजे एका मिलीत चाळीस युनिट. तिच्यासाठीची सिरिंज लाल टोपीची, तिच्यावरच्या खुणाही चाळीसच्याच हिशेबाच्या. त्या दिवशी वॉर्डातला साठा संपला होता. आप्पांच्या मुलाने बाहेरच्या मेडिकलमधून बाटली आणली. ती शंभरची होती. एका मिलीत शंभर युनिट. तिला नारिंगी टोपीची सिरिंज लागते.

मी लाल टोपीची सिरिंज उचलली, वीसच्या खुणेपर्यंत भरली आणि टोचली.

लाल सिरिंजवर वीसची खूण म्हणजे अर्धा मिली. शंभरच्या बाटलीतलं अर्धा मिली म्हणजे पन्नास युनिट. वीसच्या जागी पन्नास, अडीचपट. बाटलीवर ठळक अक्षरात १०० छापलेलं होतं. मी वाचलं नाही, कारण बाटलीवर काय असतं ते मला माहीत होतं. रोजच माहीत होतं.

रात्री साडेबाराला बाजूच्या कॉटवरच्या माणसाने हाक मारली, आप्पा घामाने भिजलेत आणि काहीतरी बडबडतायत. साखर तपासली, अडतीस. २५ टक्के डेक्स्ट्रोजची शंभर मिलीची बाटली शिरेतून दिली, पाचेक मिनिटांत त्यांनी डोळे उघडून पाणी मागितलं. मग रात्रभर दहा टक्के डेक्स्ट्रोजची सलाईन आणि दर तासाला बोटाला टोचणं. कशामुळे झालं, हे मला रात्री एकच्या सुमाराला कळलं, कचऱ्याच्या डब्यात ती लाल टोपी दिसली तेव्हा. पोटात खड्डा पडला. मी बाटली काढून पुन्हा पुन्हा वाचली. तोच आकडा.

ड्युटीवरच्या डॉक्टरांना लगेच सांगितलं. केसपेपरवर लिहिलं. सकाळी ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीला वॉर्ड सोपवताना, एक वरिष्ठ बाई हळूच म्हणाल्या, "कशाला लिहिलंस? जेवले नाहीत म्हणून साखर उतरली असं म्हणायचं. माणूस तर ठीक आहे ना." त्यांच्या मनात माझं भलंच होतं. वर्षानुवर्षं त्यांनी पाहिलेलं असणार की जी लिहिते तिलाच मेमो मिळतो आणि जी गप्प बसते तिची बढती वेळेवर होते. मलाही मेमो मिळाला. त्याचं दुःख फार झालं नाही. खरं अवघड होतं ते पुढचं.

आप्पांना सांगायचं की नाही? डॉक्टर म्हणाले, "गरज काय?" मुलगा तापट आहे हे सगळ्यांना माहीत होतं. रुग्णालयात तोडफोड झालेली आम्ही वाचतो, कधी पाहतोही. दोन दिवस मी त्यांच्या कॉटशी गेले, बीपी बघितलं, ड्रेसिंग केलं आणि परत आले. रोज ते म्हणायचे, "ताई, तुम्ही त्या रात्री वाचवलं मला." ते दोन दिवस मी गप्प राहिले. यापेक्षा जास्त लाज मला आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटलेली नाही. चूक अनवधानाने झाली होती, पण ते आभार मी कळून सवरून घेत होते.

तिसऱ्या दिवशी, त्यांना घरी सोडायच्या आधी, मी स्टूल ओढून बसले आणि सांगितलं. मुलगा समोरच होता. दोन्ही सिरिंजा, दोन्ही बाटल्या त्यांच्यापुढे ठेवून सांगितलं की असं झालं आणि ते माझ्या हातून झालं. मुलाचा चेहरा बदलला, तो काहीतरी बोलायला लागला, आप्पांनी हाताने त्याला थांबवलं. बराच वेळ ते त्या दोन सिरिंजा बघत राहिले. मला वाटलं, आता बोलतील. ते म्हणाले, "मग घरी मी कोणती सुई वापरू?"

मी त्यांना तिथेच शिकवलं. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच पाहिजे. चाळीसला चाळीस, शंभरला शंभर. त्यांनी तीनदा माझ्यासमोर करून दाखवलं. मुलाने दोन्ही टोप्यांचा मोबाईलवर फोटो काढून घेतला. आप्पांनी मला माफ केलं की नाही, मला माहीत नाही, आणि मी विचारलंही नाही. पण मी गप्प राहिले असते, तर त्यांच्या घरच्या फ्रीजमध्ये शंभरची बाटली आणि तिच्याशेजारी आमच्या वॉर्डातून गेलेल्या लाल सिरिंजा राहिल्या असत्या. सांगणं हे सभ्यतेपुरतं असतं असं मला आधी वाटायचं. सांगणं हा त्यांच्या पुढच्या औषधोपचाराचाच भाग होता.

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातली रॅडोंडा व्हॉट या नर्सची गोष्ट पुढे बातम्यांतून आली, तेव्हा मी ती दोनदा वाचली. २०१७ च्या डिसेंबरमध्ये तिने एका ७५ वर्षांच्या बाईला शांत करणाऱ्या औषधाऐवजी स्नायू लुळे पाडणारं औषध दिलं. औषधं काढायच्या यंत्रावर तिने नावाची पहिली दोन अक्षरं टाइप केली, कुलूप ओलांडायचं बटण दाबलं आणि समोर आलेली कुपी उचलली. कुपीच्या टोपीवर धोक्याची सूचना होती, तीही तिच्या नजरेतून सुटली. बाई गेल्या. चूक लक्षात आल्यावर तिने ती स्वतः सांगितली. २०२२ मध्ये न्यायालयाने तिला फौजदारी गुन्ह्यात दोषी धरलं आणि तीन वर्षांचं प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाबाहेर देखरेखीखाली राहायची शिक्षा, दिलं. तिचा परवाना त्याआधीच गेला होता.

तिची चूक मोठी होती, एक माणूस गेला, आणि त्या घराचं दुःख कोणत्याही युक्तिवादाने कमी होत नाही. पण तो निकाल वाचला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आमच्याकडची ती हळू आवाजातली बाई आली. "कशाला लिहिलंस?" जी सांगते तिलाच तुरुंगाची भीती दाखवली, तर उद्या कोण सांगेल? आणि कोणी सांगितलंच नाही, तर लाल टोपी आणि नारिंगी टोपी एकाच ड्रॉवरमध्ये आहेत हे कोणाला कळणार? माझ्या चुकीनंतर आमच्या वॉर्डात एवढंच झालं की बाहेरून आलेली बाटली वेगळ्या डब्यात, तिच्या जुळत्या सिरिंजेसकट ठेवायची, आणि इन्सुलिन टोचण्याआधी दुसऱ्या सिस्टरने आकडा मोठ्याने वाचायचा. पोटॅशियम क्लोराइडच्या अँप्यूलही आम्ही तेव्हाच हलवल्या. त्या डिस्टिल्ड वॉटरच्या प्लॅस्टिकच्या अँप्यूलसारख्याच दिसतात, आणि एकाच ट्रेमध्ये पडून असायच्या. ते औषध पातळ न करता सरळ शिरेत दिलं तर हृदय जागीच थांबतं. इतकी वर्षं त्या तिथेच होत्या आणि आम्ही सगळ्या त्यावरून हात फिरवत होतो. मेमोने यातलं काहीही झालं नसतं.

संख्येबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वैद्यकीय शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक परिचारिका, इतर रुग्णालयात पाच खाटांमागे एक, असं इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण आहे. मी एकटीने चाळीस-चाळीस पेशंटच्या रात्री काढल्या आहेत आणि हे वाचणाऱ्या बहुतेक सिस्टर्सनी काढल्या असतील. सगळ्यांची सहाची औषधं सहाला द्यायची म्हटलं तर एका माणसाला दीड-दोन मिनिटं मिळतात. दीड मिनिटात गुडघा बघायचा, श्वास पूर्ण मिनिट मोजायचा, बाटलीवरचा आकडा वाचायचा. कुठेतरी काहीतरी सुटणारच. सुटतं तेव्हा चौकशीत विचारतात, "सिस्टर, तुम्ही वाचलं का नाही?" त्या रात्री वॉर्डात किती पेशंट होते, हे विचारलेलं मी अजून ऐकलेलं नाही.

तरीही मी म्हणेन की बघणं सोडू नका. कारण बघितल्यामुळे काय होतं, तेही मी पाहिलंय.

श्रावण होता, कानबाईच्या रोटांचे दिवस. पहाटे पाचला एक आई सात-आठ वर्षांच्या मुलाला खांद्यावर टाकून आली. "पोट दुखस त्यानं. रातपाईन रडी राह्यना." उलटी एकदा झालेली. ताप नाही, जुलाब नाही. ड्युटीवरचे डॉक्टर तरुण होते, रात्रभर जागे होते. त्यांनी पोट तपासलं, पोट मऊ होतं, काहीतरी खाण्यात आलं असेल म्हणून औषध लिहिलं आणि थोडा वेळ ठेवायला सांगितलं. त्यात त्यांची चूक नव्हती. पोटदुखीची दहा मुलं रोज येतात.

मी औषध घेऊन गेले तेव्हा मुलगा रडायचा थांबला होता. आई म्हणाली, "आते झोप यी राह्यनी त्याले."

मला ती झोप झोपेसारखी वाटली नाही. त्याचे डोळे अर्धे मिटलेले होते, पण तो माझ्याकडे बघायचा प्रयत्न करत होता, आणि बघायला त्याने हनुवटी वर केली. पापण्या उचलत नाहीत म्हणून मान मागे टाकून खालच्या फटीतून बघत होता. झोप आलेलं लेकरू असं करत नाही, ते मान खाली टाकतं. मी आईला विचारलं, "रात्री झोपला कुठे होता?" शेतात. कपाशीच्या वावरातल्या खोपटात, खाली गोधडीवर, आजोबांजवळ. काही चावलं का? नाही. अंगावर खूण? मी बॅटरी घेऊन पायाच्या बोटांपासून कानामागेपर्यंत बघितलं. काहीही नाही.

मण्यार अशीच चावते. रात्री, झोपलेल्या माणसाला, जमिनीवर. दात इतके बारीक की खूण सापडत नाही, सूज येत नाही, चावलेल्या जागी दुखतही नाही. पहाटे पोटात दुखायला लागतं, मग पापण्या पडतात, मग गिळता येत नाही, मग श्वास. घोणस किंवा फुरसं असेल तर काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं ठेवतात आणि गोठतं का ते बघतात. मण्यारीत ते रक्त व्यवस्थित गोठतं, आणि तिथेच फसायला होतं.

मी मुलाला म्हणाले, "एका श्वासात मोज बरं किती येतात ते." तो सतरापर्यंत गेला. मी धावत डॉक्टरांकडे गेले, त्यांना घेऊन आले, पुन्हा मोजायला लावलं. बारा. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "सिस्टर, एएसव्ही काढा." एवढंच म्हणाले. खूण कुठे आहे, खात्री आहे का, असं एकदाही विचारलं नाही. त्यांच्या त्या एका वाक्याबद्दल मला त्यांचा आजही फार आदर वाटतो. मला काय दिसलं याला कॉटशेजारी किंमत तेव्हाच येते, जेव्हा पलीकडचं माणूस ऐकून घेतं.

एएसव्ही म्हणजे सापाच्या विषावरचा उतारा. दहा कुप्या. साप माणसाचं वजन बघून विष सोडत नाही, म्हणून लेकरालाही मोठ्या माणसाएवढाच डोस लागतो. ॲलर्जीची रिॲक्शन आली तर म्हणून ॲड्रिनालीन आधीच भरून बाजूला ठेवलं. तासाभरात १०८ मध्ये घालून त्याला जिल्ह्याला नेलं. वाटेत त्याचा श्वास अपुरा पडायला लागला. डॉक्टर मास्क धरून होते, मी हाताने श्वास द्यायची आंबू बॅग दाबत होते. तीन सेकंदांना एकदा. महामार्गाचं काम चाललेलं, खड्ड्याखड्ड्याला गाडी उडत होती, दोन्ही बाजूंना पाऊस पिऊन हिरवीगार झालेली कपाशी. आई माझ्या बरोबरीने मोजत होती. तिला का मोजायचं ते माहीत नव्हतं, मी पुटपुटत होते म्हणून तीही पुटपुटत होती. एक, दोन, दाब. एक, दोन, दाब. पाच दिवस तो व्हेंटिलेटरवर होता. मग चालत घरी गेला.

मुद्दाम सांगते, त्या पहाटे वॉर्डात फक्त अकरा पेशंट होते. चाळीस असते तर मी त्याची हनुवटी बघितली असती का? प्रामाणिक उत्तर देता येत नाही.

आता नव्या मुलींना शिकवताना मी एक गोष्ट आवर्जून घोटून घेते, ती म्हणजे डॉक्टरांना फोन कसा करायचा. आमच्या पिढीने फोन केला की "सर, जरा येता का, पेशंट बरा वाटत नाहीये" असं म्हणायचो. त्यात आदर होता, माहिती नव्हती. पलीकडच्या झोपलेल्या माणसाला त्यातून काय कळणार? एक पद्धत आहे, एसबीएआर म्हणतात, अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांतून रुग्णालयांत आलेली. पाणबुडीत चुकीच्या शब्दाला जागा नसते. आत्ता काय झालंय, आधी काय होतं, मला काय वाटतं, मला काय हवंय. चार वाक्यं. यातलं तिसरं आमच्या मुलींच्या तोंडून निघतच नाही. "मला वाटतं" म्हणायला घरी कुणी शिकवलेलं नसतं, शाळेत नाही, नर्सिंग कॉलेजात तर नाहीच. आकडे सांगतात आणि गप्प बसतात. मग मी म्हणते, आकडे मॉनिटरही सांगतो, तुला काय वाटतं ते सांग.

मागच्या महिन्यात रात्री तीनला माझा फोन वाजला. मी खालच्या वॉर्डात होते. वर प्रसूतीकडे सातपुड्यातल्या धडगावकडची नवीन मुलगी आहे, रुजू होऊन चार महिने झालेत. हळू आवाजात म्हणाली, "सिस्टर, मॅगसल्फचा डोस आहे. गुडघा हलतोय असं वाटतंय, पण नक्की नाही कळत."

मी वर गेले. तिने इंजेक्शन अजून भरलंच नव्हतं, अँप्यूल ट्रेमध्ये ओळीने उभ्या होत्या. बाळंतिणीशी ती तिच्या बोलीत काहीतरी बोलली, तशी बाईने अंग सैल सोडलं. मुलीने गुडघ्याखाली हात घातला आणि तळहाताच्या कडेने टकटक केली. आम्ही दोघी वाकून बघत होतो. हलल्यासारखा वाटला. "पुन्हा," मी म्हणाले. तिने पुन्हा केली. या वेळी नाही. तिने पिशवी उचलून दिव्याकडे धरली. ऐंशी.

"थांबायचं ना?" तिने विचारलं.

मी काही न बोलता फोन तिच्या हातात दिला. तिने क्षणभर माझ्याकडे बघितलं, पदराला हात पुसावा तसा एप्रनला हात पुसला आणि नंबर लावला. पलीकडून झोपेतला आवाज आला.

"सर, प्रसूती वॉर्डातून बोलतेय," ती म्हणाली. "कॉट सातचा तीनचा मॅगसल्फ मी थांबवलाय. गुडघा एकदा आला, एकदा नाही. चार तासांत लघवी ऐंशी. मला वाटतं..." आणि तिथे ती थांबली, आवंढा गिळला, दुसरा हात अजून त्या बाईच्या गुडघ्यावरच होता. "मला वाटतं, तुम्ही येऊन बघावं."